कापड वाढत नाही

हुरियत शिंपिणीनं यंदाही गोंधळ घातला, हे मस्तूराओपांनी, म्हणजे थोरल्या मस्तूराताईंनी, तिच्या अंगणात पाऊल टाकण्याआधीच ठरवलं होतं. झगा घोट्यापर्यंत हवा, तर हा जमिनीवर लोळतो. सलग तिसऱ्या वर्षी! पणतवाच्या पाळण्याला चार दिवस उरलेले. बाळाला पहिल्यांदा पाळण्यात निजवायचा मान घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचा, म्हणजे त्यांचा. तेव्हा झग्यात पाय अडकून पडायचं की काय?

"चाळीस वर्षं शिवतेयस, आता नजर गेली का गं तुझी?" त्यांनी झगा मशीनवर टाकला.

हुरियतनं त्यांचा कागदी साचा काढून झग्यावर ठेवला. दोन्ही तंतोतंत जुळले.

"तुमच्या मुलीच्या लग्नात कापलेला साचा आहे हा, ओपा. कापड वाढत नाही. तुम्ही चार बोटं कमी झालात."

"म्हातारपणी माणूस वाकतंच."

"माझी आई हेच म्हणायची. एक दिवस बादली उचलली आणि मणका दबला. पुढं दोन वर्षं अंथरुणावर होती. पाठ दुखते ना तुमची? खरं सांगा."

मस्तूराओपांचा हात नकळत पाठीवर गेला. हिवाळ्यात पुलावाची कढई उचलल्यापासून पाठीत कळ होती. कळलं तर सून बाळ हातात देणार नाही, म्हणून त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती.

"आधी डॉक्टर, मग झगा," म्हणत हुरियतनं कात्री खणात टाकली.

डॉक्टरीणबाईंनी क्ष-किरणांचं चित्र उजेडात धरलं. दोन मणके पुढून दबून पाचरीसारखे झाले होते. हाड आतून विरळ होतं, मग पडायचीही गरज नसते, ओझं घेऊन वाकलं तरी मोडतं, असं त्या म्हणाल्या. औषधं, दूध-दही, ऊन आणि रोजचं चालणं त्यांनी लिहून दिलं, आणि वाकून काही उचलायला मनाई केली. मस्तूराओपांचे डोळे भरून आले. मान गेला, एवढंच त्यांना ऐकू आलं होतं.

घरी सुनेनं सगळं ऐकून घेतलं. सांगितलं नाही म्हणून आधी चांगली रागावली, मग म्हणाली, "तुम्ही कशाला वाकता? पाळणाच वर आणू की!"

समारंभाच्या दिवशी पाळणा कमरेएवढ्या मेजावर होता. सुनेनं बाळ अलगद हातात दिलं. हुरियतनं आखूड केलेल्या, घोट्यापर्यंतच्या झग्यात ताठ उभ्या राहून मस्तूराओपांनी त्याला निजवलं. बायकांत कुजबुज सुरू झाली, पाळणा एवढा उंच का?

"माझी हाडं ठिसूळ झालीत," मस्तूराओपांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मी लपवत होते. आता औषध घेते. हुरियत, फीत आण. पन्नाशीच्या पुढची प्रत्येक बाई उंची मोजायला या दाराशी उभी राहील."

हसत-खिदळत रांग लागली. हुरियतकडची जुनी मापं लावून पाहिली, तर दोघीजणी तीन-तीन बोटं कमी भरल्या. दुसऱ्याच सकाळी मस्तूराओपा त्यांना घेऊन दवाखान्यात गेल्या, तेही चालत.

आपल्या घरातली आई, आत्या, सासू आपल्या डोळ्यांदेखत लहान होत जाते आणि आपण वयाला बोल लावून मोकळे होतो. तसं करू नका. तिची उंची मोजा, पाठ दुखते का विचारा. आणि तपासणी झाली की तिचा मान काढून घेऊ नका, पाळणा तेवढा वर उचला!