न धुतलेला हातमोजा

मित्रांनो, मी डाव्या हाताचा हातमोजा, जाड कापडाचा, आता बराच जुना. इंग्लंडमधल्या स्लाऊ गावातल्या एका घरात मागच्या दाराजवळच्या खुंटीवर मी असतो. माझी मालकीण लीलावती. तिच्या गुलाबांचे काटे मी वर्षानुवर्षं सोसले. "हा आहे म्हणून माझा हात शाबूत आहे," असं ती म्हणायची, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

शेवटच्या उन्हाळ्यात ती मला अमेरिकेला, बहिणीकडे घेऊन गेली. तिथल्या कुंपणावरचा तीन-तीन पानांचा एक वेल तिनं उपटला. त्याचं तेल माझ्यात मुरलं. तिला मी काही होऊ दिलं नाही. पण परत आल्यावर थोड्याच दिवसांत तिचं हृदय बंद पडलं.

तिचे यजमान श्रीनिवासराव मला धुवेनात. माझ्यात तिच्या हाताचा वास होता. संध्याकाळी ते मला गालाशी धरून बसत. मग त्यांच्या गालावर फोड उठले, पुढे मनगटावर. बरे होत आले की पुन्हा उठत. "लीला, बोलावतेस का गं?" ते माझ्याकडे बघून पुटपुटत. हे तिचं बोलावणं नव्हे, माझ्यातलं तेल आहे, हे मी कसं सांगणार?

त्यांना वाटलं, नागीण आहे. तिच्या रांगोळीच्या डब्यातला गेरू काढून त्यांनी लेप लावला. सून अक्षयानं छोट्या मायराला आत आणणंच थांबवलं. ती खिडकीबाहेरून विचारी, "आजोबा, आज तरी हग?"

"नको गं राणी, तुला होईल."

शेवटी अक्षयानं त्यांना बळेच जीपीकडे, म्हणजे इथल्या डॉक्टरांकडे नेलं. घरी आल्यावर म्हणाली, "घ्या! म्हणे नागीण! पॉयझन आयव्ही नावाच्या विषारी वेलाचे फोड आहेत, बाबा."

"आयव्ही तर आपल्या कुंपणावरही आहे."

"ती वेगळी हो. ही अमेरिकेतली. आणि फोडांतल्या पाण्यानं हे दुसऱ्या कोणाला होत नाही. वस्तूवर राहिलेल्या तिच्या तेलानं होतं. आईंनी तिकडे बागकाम केलं होतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "याला टाकायचं नाही."

"टाकू नका. धुवा."

"मग तिचा वास जाईल, अक्षया."

अक्षयानं खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेर गाडीच्या काचेला नाक लावून मायरा बसली होती.

श्रीनिवासरावांनी हातांत जाड रबरी हातमोजे चढवले आणि मला गरम साबणाच्या पाण्यात बुडवलं. पुन्हा पुन्हा धुतलं. धुताना रडत होते. मग स्वतःचे हात आणि तोंड धुऊन त्यांनी दार उघडून मायराला हाक मारली. ती धावत येऊन गळ्यात पडली, फोडांच्या गालाला गाल लावून. आजोबांना हात वर उचलायला जरा वेळ लागला.

मित्रांनो, अंगावर फोड दिसले म्हणून माणसाला दूर बसवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि गेलेल्या माणसाच्या वस्तू जपा, पण धुऊन जपा. माझ्यात आता कसलाच वास उरलेला नाही. तरी संध्याकाळी खुंटीवरून मला दिसतं, श्रीनिवासरावांचा हात गालाकडे जातो. त्या हातात काही नसतं.