न गळणारा पाइप

“तुमचं नाव कुठेच नाही का त्यात?” सविताने विचारलं.

पद्माकरांनी फोनवरून नजर न काढता मान हलवली. तो लेख ते सकाळपासून चौथ्यांदा वाचत होते. इंग्लंडमधल्या नळकामाच्या धंद्याचं एक मासिक, त्यात दीनानाथची दोन पानी मुलाखत आणि वर हा मोठा फोटो. केस सगळे पांढरे झालेले, पण होते भरपूर. पद्माकरांना तेही खुपलं.

आणि हाच दीनानाथ रविवारी जेवायला येणार होता. त्याची मुलगी क्षिप्रा इथेच सिंगापुरात, नोव्हेना भागात डॉक्टर होती. तिच्याकडे तो महिनाभरासाठी आला होता आणि आल्या आल्या त्यानेच फोन करून ‘येतो’ म्हणून सांगितलं होतं.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी हे दोघे पुण्याहून गेले आणि इंग्लंडमधल्या एका लहानशा पाइपच्या कारखान्यात, एकाच लॅबमध्ये कामाला लागले. तिकडे थंडीत घर ऊबदार ठेवायला बॉयलरचं गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमधून फिरवतात. ते पाणी तोवर तांब्याच्या पाइपातून जायचं. कारखान्याने प्लॅस्टिकचा पाइप काढला. हलका, वाकवावा तसा वाकणारा, जमिनीच्या फळ्यांखालून दोरीसारखा ओढून नेता येणारा. प्लंबर खूश झाले. दोन हिवाळे गेले आणि तक्रारी यायला लागल्या. पाइप कुठे थेंबभरही गळत नव्हता, पण रेडिएटर आतून गंजून काळ्या गाळाने भरत होते. साहेब म्हणायचे, प्लंबरांची चूक. शेवटी कारण सापडलं: पाणी बाहेर येत नव्हतं, पण बाहेरच्या हवेतला प्राणवायू प्लॅस्टिकमधून झिरपून आत पाण्यात शिरत होता. मग पाइपावर हवा अडवणारा एक पातळ थर चढवण्यात आला आणि कारखाना वाचला. शाबासकी दीनानाथला मिळाली.

पद्माकरांचं म्हणणं, पाण्यातल्या त्या प्राणवायूचा पहिला आकडा माझ्या मीटरवर आला होता, माझ्या वहीत होता. दीनानाथने तो उचलला. त्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली, सिंगापूर गाठलं आणि आंग मो किओच्या एका फॅक्टरीत सर्किट बोर्ड तपासण्यात तीस वर्षं घालवली. कुठल्याही घराला ऊब लागत नाही अशा या गावात ही गोष्ट सांगणार तरी कुणाला? ऐकायला एकटी सविता होती. तिने ती इतक्यांदा ऐकली, की तिला ती आपल्या डोळ्यांसमोर घडल्यासारखी वाटायची.

शनिवारी सविता बाजारात गेल्यावर पद्माकरांनी स्टोअररूममधली पेटी ओढून काढली. बेत साधा होता. उद्या जेवणं झाली की वही दीनानाथपुढे उघडून ठेवायची, सवितासमोर, एक अक्षर न बोलता.

पान सापडलं. ९ मार्च १९८३. आकडा होता. त्यांचा ऊर भरून आला. मग त्यांना आकड्यावरची रेघ दिसली. पट्टी धरून मारलेली, सरळ. खाली त्यांच्याच अक्षरात, इंग्रजीत: मीटर बिघडला आहे. पाइप गळत नाही, तेव्हा हे शक्य नाही. नोंद रद्द. आणि सही.

ते तिथेच फरशीवर बसून राहिले. ही रेघ आपण विसरलो होतो, की विसरायची ठरवली होती, हे त्यांना सांगता आलं नसतं. लिफ्टचा आवाज झाला तेव्हा त्यांनी वही पुन्हा तळाशी सरकवली.

रविवारी दीनानाथ एकटाच आला, काठी टेकत. उजवा हात थरथरत होता. आमटीचं कौतुक करत चमच्याने सावकाश जेवला. सविता वाढत होती, पण तुटक बोलत होती. शेवटी भात वाढताना तिने विषय काढलाच.

“भावजी, मुलाखत वाचली. यांचं नाव राहून गेलं वाटतं.”

दीनानाथने चमचा खाली ठेवला. “मी सांगितलं होतं, वहिनी. पहिला आकडा पद्याला दिसला, असंच सांगितलं होतं. छापताना त्यांनी कापलं.”

पद्माकरांना वाटलं, हा खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. मनाच्या मोठेपणातसुद्धा हा पुढेच. जे बेचाळीस वर्षं मागितलं ते आज आयतं ताटात पडलं होतं. नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. सविता त्यांच्याकडे बघत होती, आणि इतक्या अभिमानाने तिने कधी बघितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

“मी तो आकडा खोडला होता,” ते म्हणाले.

सविताचा हात थांबला.

“मीटर बिघडलाय असं लिहून खोडला. याने लोकांच्या घरी जाऊन रेडिएटर आणले, कापून बघितले. मी लॅबच्या बाहेरसुद्धा पडलो नाही.”

“माहीत आहे,” दीनानाथ हळूच म्हणाला. “खोडलेलाच वाचला होता मी.”



इंग्लंडमध्ये दोन्ही जोडपी एकाच घरात राहायची आणि दोन नव्या नवऱ्या एका स्वयंपाकघरात नांदल्या होत्या, सविता आणि दीनानाथची बायको नीता. नंतर दर दिवाळीला नीताचं पत्र सिंगापूरला यायचं. नवऱ्याचं श्रेय लाटणाऱ्याच्या बायकोला काय लिहायचं, म्हणून सविताने एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. पुढे पत्रं थांबली. तीन वर्षांपूर्वी नीता गेली, तेही पुण्याच्या कुणीतरी कळवल्यावर समजलं.

सविताने भाताचं पातेलं खाली ठेवलं. पद्माकरांकडे तिने बघितलं नाही. त्यांच्या शेजारची आपली खुर्ची उचलून तिने दीनानाथजवळ नेली आणि बसली.

“भावजी, नीताला शेवटी फार त्रास झाला का हो?”

दीनानाथ सांगायला लागला. थांबत, आठवत. सविता मधेच काहीतरी विचारत होती.

पद्माकर उठले, तिन्ही ताटं एकावर एक रचून आत घेऊन गेले आणि धुवायला लागले. बाहेरचं ऐकू यावं म्हणून त्यांनी पाणी अगदी बारीक सोडलं होतं.