वाटीतला बिनसाखरेचा केक

मित्रांनो, मी एक जुना गोल ओव्हन आहे. हसू नका बरं! बटणं दाबली की टुंटुं वाजणारा तुमच्या घरातला ओव्हन वेगळा. माझं अंग ॲल्युमिनियमचं, झाकणाला बशीएवढी काच, आणि मागं एक वायर. कळ दाबली की गरम होतो, बंद केली की गार होतो. एवढंच मला येतं, पण जे येतं ते पक्कं येतं.

उस्मानपुऱ्यातल्या मुख्तारभाईंच्या घरी मी आलो तो त्यांच्या लग्नाच्या वर्षी. नव्या नवरीसाठी त्यांनी मला गुलमंडीच्या बाजारातून सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलं. मुख्तारभाई पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात उर्दू पाट्या रंगवत, आणि पोलीस ॲक्शननं ते राज्य गेल्यावर मराठी अक्षरं गिरवायला बसले. त्यामुळं मुलाच्या हातात दोन्ही लिप्या आल्या. मुख्तारभाई पट्टी न लावता रेघ ओढायचे, आणि ती कधी तसूभर हलायची नाही.

त्यांची बायको सगीराबी. त्यांच्याबद्दल मी काय सांगू? माझ्यासारख्या टोपल्याकडून इतकं काम करून घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. ईद जवळ आली की मोहल्ल्यातल्या बायका नानकटाईचे ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायच्या आणि नंबर लावून बसायच्या. आमच्या सगीराबी घरीच! मी होतो ना. शेजारच्या द्वारकाबाईंकडं माझ्यातली नानकटाई जायची, आणि त्यांच्या वेरूळच्या शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा आमच्याकडं यायच्या. लई थाट होता माझा.

मुख्तारभाईंना मात्र एक वाईट खोड होती. आत काही भाजत असलं की त्यांना धीर धरवायचा नाही. हळूच यायचे आणि झाकण उचलायचे.

"अजी, मधेच उघडू नका! बसतो ना केक!" सगीराबी ओरडायच्या.

"अगे, नुसतं बघतो."

नुसतं बघतो म्हणे! माझी सगळी वाफ निघून जायची, फुगत आलेला केक पोटात खड्डा घेऊन खाली बसायचा, आणि नाव माझं खराब.

मग मुख्तारभाईंना साखरेचा आजार जडला. घरातली साखर बंद झाली आणि मीही बंद झालो. मला माळ्यावर टाकलं. माझ्यावर फुटक्या दांड्याचा कुकर, त्याच्यावर उशांचं गाठोडं. वर्षं गेली. कुणी विचारायला आलं नाही. वाईट वाटायचं मला, खोटं कशाला बोलू?

पण खाली त्याहून वाईट चाललं होतं. मुख्तारभाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. शेवटची पाटी त्यांनी रंगवली, तिची रेघ उतरती गेली. गिऱ्हाईक भला माणूस, पुरे पैसे देऊन गेला. सगीराबींनी मात्र पाहिलं, आणि मुख्तारभाईंनी त्यांच्या गप्प बसण्यावरून ओळखलं. त्याच दिवशी त्यांनी ब्रश धुऊन डब्यात ठेवले. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू, पण साखर लई वर आहे. आधी ती खाली आणा."

खाली कशी येणार? गोळ्या घ्यायचे, आणि फिरायला जातो म्हणून जिलेबीच्या दुकानात जायचे. एकदा सगीराबींनी त्यांची चिकट बोटं पकडली.

"अजी, जिलेबी पाहिजे का डोळे पाहिजेत?"

"ब्रश गेला, मिठाई गेली. मग माझ्याकडं राहिलं काय, सगीरा?"

सगीराबी उठल्या. स्टूल आणलं, माळ्यावर चढल्या, आणि मला खाली काढलं. चिंच लावून घासलं. मी तापलो तेव्हा आधी धुळीचा वास आला आणि मग जुना, माझा स्वतःचा वास आला. मला रडूच आलं असतं, पण माझ्यात पाणी चालत नाही!

सगीराबींनी मैदा सोडला. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट घेतलं, अंडी फेटली आणि स्टीलच्या छोट्या वाट्यांत घालून माझ्यात ठेवलं. साखरेचा एक दाणा घातला नाही. त्याऐवजी घातला गूळ आणि वाटलेला खजूर. गूळ काय, खजूर काय, ते तर ताकदीचं खाणं, असं आपल्याकडं कोण म्हणत नाही? मुख्तारभाई खूश. रोज दोन-दोन वाट्या चापायला लागले. वाट्या इतक्या झकास फुगायच्या की मीही फुगलो होतो.

मग तपासणी झाली. साखर आधीपेक्षा वर! डॉक्टरांनी ऑपरेशन पुढं ढकललं. सगीराबी घरी आल्या आणि माझ्यापुढंच पाटावर बसून द्वारकाबाईंपाशी रडल्या.

"बिनसाखरेचा म्हणून मी स्वतःच्या हातानं खाऊ घातला त्यांना. डॉक्टर म्हणाले, गूळ काय, खजूर काय, रक्तात गेले की साखरच."

"आवो, आमच्याकडं बी समदे गुळाचाच चहा पितेत," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुम्हाला एकटीला कुठं ठाऊक असणार? उठा. गूळ नाय तर नाय. दुसरं काय तरी करू."

दुसरी बाई असती तर मला परत माळ्यावर टाकलं असतं. सगीराबींनी पदर खोचला. डॉक्टरांना विचारून गोडीसाठी स्टीव्हियाच्या गोड पाल्याची पूड आणली, तिनं साखर वाढत नाही. पहिला घाणा दगडासारखा झाला. मुख्तारभाईंनी वाटी उलटी करून ठोकली आणि म्हणाले, "अगे, हे पडेगावच्या भट्टीवर पाठव. वीट म्हणून खपंल." दुसऱ्याला अंड्याचा वास आला. कूट जास्त फिरवलं की तेल सुटायचं आणि सगळं चिकट व्हायचं. शेवटी द्वारकाबाईंनी घरचं दही फडक्यात टांगून चक्का आणून दिला. तो घातला, वेलदोडा घातला, सोडा चिमूटभर. आणि मित्रांनो, त्या दिवशी वाट्या अशा फुगल्या, वर अशा तांबूस झाल्या, की काय सांगू! मुख्तारभाईंनी एक घास खाल्ला. डोळे मिटले.

"हौ," ते म्हणाले. "हे जमलं."

रोज संध्याकाळी एक वाटी, बिनसाखरेच्या चहाबरोबर. जिलेबीच्या दुकानाची वाट सुटली. गोळ्या वेळेवर, फिरणंही खरंखुरं. तरीही ते अंदाजानं चाचपडत यायचे आणि माझं झाकण उचलायचे. "काय चांदीसारखा चमकतोय!" म्हणायचे. मला माहीत होतं, त्यांना मी नुसता पांढरा ठिपका दिसत होतो. पण कौतुक कुणाला नको असतं?

हळूहळू साखर उतरली. ऑपरेशन झालं, आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. पट्टी निघाली तसे मुख्तारभाई स्वयंपाकघरात आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"या अल्ला! हा एवढा काळा कधी झाला? आणि पोचे किती!"

अपमान झाला म्हणून मी रागवायला हवं होतं. पण खरं सांगतो, आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता. माझा एकेक पोचा त्यांना दिसत होता!

"आणि मी?" सगीराबी मागून म्हणाल्या. "मी पण काळी झाली का?"

मुख्तारभाई वळले. जवळ जाऊन नीट बघितलं.

"नाय," ते म्हणाले. "तुझे केस पांढरे झाले. मला कुणी सांगितलंच नाय."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला साखर असेल तर त्याच्या ताटातलं गोड नुसतं उचलून घेऊ नका. त्या जागी काहीतरी ठेवा. गुळाला, खजुराला साखरच समजा. आणि माळ्यावर कुणी जुनं पडलं असेल तर एकदा खाली काढून बघा.

डोळे बरे झाले तसा मुख्तारभाईंनी ब्रशांचा डबा उघडला. पहिली पाटी पत्र्याच्या तुकड्यावर रंगवली, मराठीत आणि खाली उर्दूत, आणि माझ्या वरच्या भिंतीला ठोकली. रेघ अगदी सरळ आहे. लिहिलंय, "मधेच उघडू नये. हुकूम सगीराबींचा."

आजही वाट्या आत फुगत असल्या की ते हळूच येतात. झाकणाकडं हात नेतात. मग वर बघतात, आपलीच पाटी वाचतात, आणि हात मागं घेतात.