तिसरी सुई

प्रयागबाईंनी दोन सुया घेतल्या आणि तिसरीच्या आधी त्या डोंगरावर निघून गेल्या.

महाडच्या आमच्या छोट्या दवाखान्यात त्या बारा वर्षं झाडलोट करत होत्या. वापरलेल्या सुया, रक्ताचे बोळे, सगळं त्यांच्याच हातून बाहेर जायचं. दोन हजार एक साली डॉक्टरांनी रक्तातून लागणाऱ्या काविळीची लस सगळ्यांना द्यायचं ठरवलं, तेव्हा यादीत आम्ही नर्स आणि कंपाउंडर एवढेच होतो. मी हळूच म्हटलं, "साहेब, आपण सुई एकदा धरतो. प्रयागबाई दिवसभर धरतात." त्यांनी नाव घातलं.

पहिली सुई माघात, दुसरी महिन्याने. तिसरी श्रावणात होती. पण दुसरीने त्यांचा दंड सुजला होता, ते त्या विसरल्या नव्हत्या. भातलावणीला म्हणून वरंधच्या वरच्या आपल्या वाडीत गेल्या आणि निरोप पाठवला, परत टोचणार असाल तर कामावर येत नाय.

डॉक्टर म्हणाले, "तिसरी घेतल्याशिवाय मी त्यांना सुयांना हात लावू देणार नाही. आठवडाभर थांबतो, मग दुसरी बाई बघू."

नाव मीच घालायला लावलं होतं. माझ्यामुळे त्यांचं काम जावं, हे मनाला लागून राहिलं. सोमवारी माझी सुट्टी आणि उपास. पहाटे पिंडीवर बेल वाहिला, पोथीचा अध्याय वाचला आणि लसीची बाटली थर्मासात घेऊन निघाले. आदल्या संध्याकाळीच मी ती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती. पोलिओच्या रविवारी आम्ही नेहमी तसंच करायचो. लस जितकी गार तितकी चांगली, ही हाताची सवयच झालेली.

एस.टी.तून उतरून तासभर चढले. प्रयागबाई गोठ्यात शेण काढत होत्या. त्यांचे यजमान, नाथूमामा, ओटीवर विडी ओढत होते.

"प्रयाग, तुजी सुई चालत आली गो," ते म्हणाले.

प्रयागबाईंनी पाटी खाली ठेवली. "सिस्टर, उपाशी चढलीस? तुजा सोमवार ना?"

"हो."

"मंग पानी पी आनि जा. दोन घेतल्या त्या बस झाल्या. आनि ही बघ." गळ्यातली काविळीची माळ त्यांनी पुढे केली. वाडीत झाडपाला देणाऱ्या कुशाबाने बांधली होती.

"माळ राहू द्या गळ्यात. मला फक्त दंड द्या. मागच्या वर्षी कचऱ्यातली सुई अंगठ्यात गेली होती, आठवतं? दोन दिवस तुम्हाला घास गेला नव्हता."

त्यांनी तो अंगठा चोळला. मग म्हणाल्या, "तू माजा हात नळाखाली धरून उभी होतीस."

"घे गो," नाथूमामा म्हणाले. "ही काय टोचल्याबिगर उतरायची नाय. फराळाचं घालावं लागंल ते येगळंच."

प्रयागबाई हसल्या आणि बाही वर केली.

मी थर्मास उघडला. बाटलीत पांढरा खडा झाला होता. तळहातात धरून वितळवला, तर नासलेल्या दुधासारखे कण तळाला बसले. तेव्हा आठवलं, पोलिओची लस गोठवतात. ही गोठली की वाया जाते. शिकताना ऐकलं होतं, सवयीपुढे विसरले.

दंड माझ्यासमोर उघडा होता. टोचलं असतं तर कुणाला कळणार होतं? डॉक्टरांनी यादीत खूण केली असती, त्यांचं काम राहिलं असतं. सकाळी बेल वाहिलेल्या हातात ती बाटली जड झाली.

"प्रयागबाई, ही देता येत नाही. माझ्या हातून गोठली. आता हिच्यात दम नाही."

"दे की. येवडी आलीस. पानी तर पानी."

"पाणी टोचून तुम्हाला सुयांत हात घालायला पाठवू?"

त्यांनी बाटली उजेडाकडे धरून पाहिली. "तू सांगितलं नसतंस तर मला काय कळलं असतं?"

"नसतं."

त्यांनी बाही खाली केली. संपलं, असं मला वाटलं. पण आतून उकडलेली रताळी आली, दूध आलं.

"नवी कदी येल?"

"गुरुवारी."

"बगते," त्या म्हणाल्या. डोंगरावरच्या 'बगते'चा अर्थ मला ठाऊक होता. त्या येणार नाहीत, असं धरूनच मी उतरले.

गुरुवारी दहा वाजता मी टेबल पुसत होते, तर दारात प्रयागबाई. गळ्यात माळ, अंगावर ठेवणीतलं लुगडं. मी फ्रीजच्या खालच्या कप्प्यातून बाटली काढली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, खिडकीशी नेऊन हलवली आणि बराच वेळ तळाकडे बघत राहिल्या.

"गोळे नायत," त्या म्हणाल्या. "टोच."

मी टोचलं. दंडावर बोळा दाबत त्यांनी कोपऱ्याकडे नजर टाकली.

"माजी बादली कुठं ठेवलीस गो? आनि इतके दिवस हितं झाडत कोन होतं?"