तीन प्रती, एक पासवर्ड

बॅकअप या विषयावर सर बोलायला लागले की प्रयोगशाळेतली माणसं हळूच काढता पाय घ्यायची. मी पडले त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी, मला सुटका नव्हती. तीन प्रती, तीन ठिकाणी, तिन्ही कुलूपबंद. माझ्या लॅपटॉपला एकदा व्हायरस लागला, तेव्हापासून मूळ आकडे माझ्याकडे ठेवायलाही बंदी होती. नदीच्या पाण्याची पाच वर्षांची मोजमापं मी गोळा केली आणि ती सगळी सरांच्या डिस्कवर गेली. 'पासवर्ड विसरलात?' असं विचारणारी सॉफ्टवेअरं त्यांच्या लेखी पोरखेळ होती. पासवर्ड कागदावर लिहायचा नाही, डोक्यात ठेवायचा.

त्याच डोक्यात रक्ताची गुठळी झाली. सर वाचले, पण बोलणं गेलं. समोरच्याचं सगळं कळतं, एवढाच डॉक्टरांचा दिलासा. तिन्ही प्रती ठणठणीत आहेत आणि मला एकही उघडत नाही. विद्यापीठाच्या संगणक विभागानंही हात टेकले. वर इतक्या पक्क्या कुलपाबद्दल त्यांनी सरांचं कौतुक केलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटलं. या सत्रात प्रबंध दिला नाही तर माझी नोंदणी रद्द होणार आहे.

शेवटी सरांच्या घरी जाऊन, त्यांच्या पत्नीला, काकूंना विचारून मी डिस्क जोडलेला लॅपटॉप सरांच्या पलंगावर नेला. काकूंनी त्यांच्या पाठीला उशा लावल्या आणि त्या औषध आणायला आत गेल्या. डाव्या हाताच्या एका बोटानं सरांनी अक्षरं दाबली. चुकलं. पुन्हा दाबली, पुन्हा चुकलं. कपाळावर घाम आला तरी ते हात बाजूला घेईनात. मग त्यांचे डोळे भरले. इतकी वर्षं ज्यांना घाबरले त्यांना रडताना बघणं मला झेपेना. मी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"उघडलं, सर," मी म्हणाले.

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि डोळे मिटून उशीवर मान टेकली. इतकं धडधडीत खोटं मी जन्मात बोलले नव्हते.

काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. औषधाचा पेला टेबलावर ठेवून त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"अगं, त्यात ह्यांची व्याख्यानं आहेत ना, रेकॉर्ड केलेली?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एखादं लाव. ह्यांचा आवाज ऐकून किती दिवस झाले."