सांत्वनाचं पत्र

"हॅलो, हेमराज गुरनुले आहेत का?"

"ते आंघोळीले गेले. कोन बोलून राह्यले?"

रिनाने फोन मान वाकडी करून खांद्याशी दाबून धरला होता. पुढ्यात सुपात तांदूळ होते आणि बोटं खडे शोधत होती. पलीकडची बाई एकेक शब्द जपून टाकत होती.

"मी पुण्याहून बोलतेय, त्यांच्या कादंबरीबद्दल. आपण त्यांच्या बहीण का?"

"बहीण नाई. मी त्यायची मिसेस."

पलीकडे काहीच आवाज येईना. रेंज गेली असेल म्हणून रिना फोन घेऊन दारात आली.

"हॅलो?"

"हो, आहे मी. माफ करा, जरा खाजगी विचारते. त्यांनी पुन्हा लग्न केलंय का?"

"पुन्हा कायले करतीन?" रिनाला हसू आलं. "एकच लग्न झालं आमचं. पोरगी कालेजात आहे आता. तुमाले दुसरे कोनी गुरनुले पायजेत का? आमच्या सावली तालुक्यात लय गुरनुले हायेत."

"राइस मिलमध्ये दिवाणजी आहेत, तेच ना?"

"हो, तेच."

"त्यांनी मला लिहिलंय की त्यांच्या पत्नीला..." बाई थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "मोहफुलं वेचताना, वाघाने. मला वाटतं माझाच काहीतरी घोळ झालाय. मी नंतर फोन करते."

हेमराज न्हाणीतून आला तेव्हा रिना पुन्हा सुपापाशी बसली होती. सूप मात्र हलत नव्हतं.

"कोनाचा फोन होता?"

"पुण्याच्या बाईचा. तुमच्या पुस्तकाचा."

हेमराजचा चेहरा उजळला. अंगावरून पाणी निथळत होतं, तसाच तो पुढे आला. "का म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मी मेली."

हेमराजने खांद्यावरचा टॉवेल काढला, उगाच त्याची घडी केली आणि तसाच हातात धरून उभा राहिला.

हेमराज गेली कित्येक वर्षं सावलीच्या एका राइस मिलमध्ये दिवाणजी होता. धानाच्या गाड्या काट्यावर घेणं, पावत्या फाडणं, हमालांची हजेरी लावणं हे त्याचं काम. त्याचं गाव सावलीपासून सायकलच्या अंतरावर, जंगलाला लागून. मिल सुरू व्हायच्या आधीचा तास त्याचा स्वतःचा असायचा. तेवढ्यात तो लिहायचा. असं लिहीत लिहीत त्याची कादंबरी पूर्ण झाली. जंगलाकाठचं गाव, मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाया, आणि त्यातल्या एकीला वाघ नेतो. तिचा नवरा ही सगळी गोष्ट सांगतो.

लिहून झालं आणि खरी अडचण सुरू झाली. प्रकाशकांना पाठवलेल्या पत्रांची उत्तरं आली नाहीत. लेखकांच्या एका व्हॉट्सॅप ग्रुपवर कोणीतरी म्हणालं की आता प्रकाशक थेट कोणाचं वाचत नाहीत, मध्ये एजंट लागतो. तो आधी पुस्तक पसंत करतो आणि मग प्रकाशकाशी बोलतो. रिनाला एजंट माहीत होते ते विम्याचे आणि प्लॉटचे. "पुस्तकाचाही विमा काढता का आता?" असं तिने विचारलं होतं आणि दोघंही हसले होते.

एजंटला पत्र कसं लिहायचं याचा एक ऑनलाइन वर्ग असतो. हेमराजने तोही केला. शिकवणारा तरुण मुलगा पुन्हा पुन्हा सांगायचा, सुरुवातीलाच वाचणाऱ्याला पकडा, आणि हे पुस्तक तुम्हीच का लिहू शकता ते सांगा. हेमराज विचार करायचा. मीच का? त्याला काही सुचायचं नाही. मग तो लिहायचा, 'मी सावली येथे राइस मिलमध्ये दिवाणजी असून मला लेखनाची आवड आहे.' असं पत्र त्याने बऱ्याच ठिकाणी पाठवलं. एकाच ठिकाणाहून उत्तर आलं, तेही एका ओळीचं: लेखकाचा विषयाशी थेट संबंध जाणवत नाही.

त्या ओळीने त्याची भूकच उडाली. वाघ त्याच्या बांधावरून जात होता. पहाटे बायका निघाल्या की अख्खं गाव जीव मुठीत धरून त्यांच्या परतण्याची वाट बघत होतं. संबंध आणखी कसा असतो?

पुढचं पत्र लिहिताना त्याने कादंबरीचंच पहिलं वाक्य उचलून वर टाकलं. 'त्या सकाळी वाघाने माझ्या बायकोला नेलं.' हे वाक्य कादंबरीतलं आहे, असं मात्र लिहिलं नाही. राहून गेलं, असं त्याने स्वतःला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी पुण्याच्या एका एजंट बाईंचं उत्तर आलं. बाईंनी विचारलं होतं, हा तुमचा स्वतःचा अनुभव आहे का?

हेमराजने फोन खिशात ठेवला, गाडी काट्यावर घेतली, पावती फाडली. दुपारी पुन्हा फोन काढला आणि एक शब्द लिहिला. 'होय.'

हे सगळं तो आता रिनासमोर खाली बसून सांगत होता. टॉवेल अजून हातातच होता.

रिनाने सूप बाजूला ठेवून सगळं ऐकलं. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "मी का करून राह्यली होती? मरतानी?"

"रिना..."

"सांगा ना. मले मालूम तं पायजे."

"फुलं येचत होती. वाकून."

"लुगडं कोनतं?"

हेमराजने मान खाली घातली.

"हिरवं लिवलं ना? कांताचं हिरवंच होतं." रिनाचा आवाज चढला नाही, उलट बसला. "अन् टोपली तशीच भरेल सापडली, थेही लिवलं असन. कांताचं मरन घेतलं तुमी अन् माह्या नावावर टाकलं."

कांता शेजारच्या दसरूची बायको. रिना आणि कांता मोहाच्या दिवसांत बरोबरच जायच्या. वाघाने तिला नेलं त्या सकाळी रिनाला ताप होता, म्हणून कांता दुसऱ्या बायांबरोबर गेली. मिलच्या फाटकात लटारू हमाल धावत आला आणि म्हणाला, तुमच्या गावातली एक बाई वाघानं नेली. कोण ते त्याला माहीत नव्हतं. हेमराज सायकल मारत निघाला. वाटेत दोनदा पडला. घरी आला तर रिना चादर पांघरून दारात उभी. हेमराज तिथेच अंगणात खाली बसला आणि हसला. हसता हसता रडला. नंतर तो दसरूच्या घरी गेला तेव्हाही ती खुशी चेहऱ्यावरून पुसली गेली आहे की नाही, याची त्याला खात्री नव्हती. म्हणून तो दसरूकडे बघू शकला नाही. त्यानंतर कधीच नीट बघू शकला नाही.

"तुमी आंगनात कसे बसले होते, मी पाह्यलं ना," रिना म्हणाली. "थे लिवलं का?"

"नाई."

"थे काऊन नाई लिवलं? थे तं तुमचंच होतं."

 रिनाने फोन त्याच्या पुढे सरकवला.

"लावा. माह्या समोर लावा."

त्याने लावला.  आपण प्रमाण भाषेत बोलायचं ठरवलं होतं हेही तो विसरला.

"मॅडम, मी हेमराज गुरनुले. माही बायको जिवंत आहे. मी खोटं लिवलं. शेजारच्या बाईसंग झालं होतं ते."

 बाई म्हणाल्या, "तुमचं 'होय' आलं त्या दिवशी मला दुसरं काहीच काम सुचलं नव्हतं, गुरनुले. तुम्हाला काय लिहू, कसं लिहू, याचाच विचार करत बसले होते."

"हो, मॅडम."

"तुमचं लिखाण चांगलं आहे. म्हणून जास्त वाईट वाटतं. मी हे पुस्तक पुढे नेऊ शकत नाही. आणि कृपा करून मला पुन्हा लिहू नका."

"नाई लिवनार, मॅडम."

फोन बंद झाला. हेमराजला वाटलं, संपलं. निदान संपलं तरी. पण रिना उठून त्याचा शर्ट घेऊन आली.

"आता दसरूभाऊकडे जा."

"त्यायले काई मालूमच नाई, रिना. कायले उकरतं?"

"मालूम नाई म्हनूनच जा. त्यायचीच चोरी झाली अन् त्यायलेच पत्ता नाई."

दसरू शेतात होता. धान कापून झालं होतं आणि खळ्यावर भारे रचणं चाललं होतं. तो एकटाच होता. पूर्वी भारा उचलून द्यायला कांता असायची. आता तो आधी भारा गुडघ्यावर घ्यायचा, मग छातीला लावायचा आणि मग वर फेकायचा. हेमराज बांधावर उभा राहून हे बघत राहिला. परत फिरावं असं एकदा मनात आलं. तेवढ्यात दसरूने त्याला पाहिलं.

"का गा हेमराज? आज मिल बंद हाये का?"

"इतवार आहे ना, दसरूभाऊ."

"हो, इतवार होय." दसरूने घाम पुसला. "बस. पानी पे."

हेमराज बसला. पाणी प्यायला नाही. वाटेत त्याने मनाशी बरंच जुळवलं होतं, पण समोर दसरूचे भुसा लागलेले पाय दिसले आणि ते सगळं विसरायला झालं. जसं आठवेल तसं तो सांगत गेला. पुस्तक, एजंट, ते वाक्य, 'होय'. सकाळचा फोन. कांताचं नाव घेताना तो अडखळला.

दसरू एका भाऱ्यावर बसून ऐकत होता. त्याला मध्ये एकच गोष्ट समजली नाही.

"म्हंजे त्या पुन्याच्या बाईले वाटलं, तुही बायको मेली?"

"हो."

"अन् मंग?"

"मंग त्यायनं मले पत्र लिवलं. मेलवर. दुःखाचं."

"का लिवलं?"

"असंच. समजावनीचं."

दसरू जमिनीकडे बघत राहिला. एक काडी घेऊन तिचे तुकडे करत राहिला. हेमराजला वाटलं, आता हा उठेल, आता शिवी देईल. ती ऐकायलाच तो आला होता.

"लय लोकं आले होते गा तवा," दसरू म्हणाला. "कागदं केले, फोटो काढले. सगे आले, जेवून गेले. पन पत्र नाई आलं कोनाचं." मग त्याने वर पाहिलं. "थे पत्र आहे का तुह्याजवळ?"

"आहे. फोनमंधी आहे."

"वाच मंग. माहंच होय ना थे."

हेमराजने फोन काढला. उन्हात पडदा दिसेना, म्हणून त्याने हाताची सावली केली.  तो वाचू लागला.

"'हेमराजजी...'" तो थांबला. दसरूने नुसती मान हलवली. हेमराजने पुढे वाचलं. "'तुमचं पत्र वाचलं आणि आज दुसरं काहीच करू शकले नाही. तुमच्या पत्नीला मी कधी पाहिलं नाही. पण पहाटे उठून, घरच्यांसाठी चहा झाकून ठेवून, आवाज न करता बाहेर पडणारी ती बाई मला दिसते आहे. तुमच्या दुःखाबद्दल बोलायचा मला काही हक्क नाही. घर तेच असतं आणि त्यात बोलायला कोणी नसतं, हे मला थोडंफार माहीत आहे. तुम्ही वेळेवर जेवता का? झोप लागते का? माणसं विचारायची थांबतात, म्हणून विचारते. पुस्तकाचं मागाहून बघू.'"

वाचून झालं तरी हेमराजने मान वर केली नाही.

"जेवतो म्हनावं," दसरू म्हणाला.

हेमराजने फोन खाली घेतला.

"रांधतो जमन तसं. भात करपते कधी कधी." दसरूने काडीचा आणखी एक तुकडा केला. "झोप नाई लागत तेवढी. पहाटे जाग येते. चहा नसते ना झाकेल. तेवढं कळव त्यायले."

"मले कळवता नाई येत, दसरूभाऊ." हे सांगताना हेमराजला दिवसभरात कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली. "मी खरं सांगतलं तं त्या म्हनाल्या, पुन्हा लिवू नको. मी हो म्हनलो."

दसरूने हे ऐकून घेतलं. लांब कुठेतरी कोणाच्या तरी खळ्यावर मळणीचं मशीन सुरू झालं होतं, त्याचा आवाज येत होता.

"राह्यू दे मंग," तो म्हणाला. "पन बाई चांगली आहे गा. न पाह्यता समजलं तिले."

त्याने हातातली काडी टाकली. डोक्याचा दुपट्टा सोडून झटकला आणि खांद्यावर घेतला. हेमराज निघायला उठला, पण दसरूने हाताने त्याला थांबवलं.

"आनखी एक खेप वाच. हळूहळू वाच."

हेमराजने पुन्हा हाताची सावली केली. घसा खाकरला. पहिला शब्द पडद्यावर होता तसाच होता. त्याने तो वाचला नाही.

"'दसरूजी,'" तो म्हणाला.

दसरू भाऱ्यावरून उठला, आणि दोन्ही हात पुढे बांधून, मान किंचित वाकवून उभ्यानेच ऐकू लागला.