टोपीवरची खळी

ऑर्विन क्लेमरच्या डोळ्यांनी दगा दिला तेव्हा त्याने आपली जुनी लष्करी रायफल बायकोच्या हाती सोपवली, आणि बाई निघाली नवऱ्याला वरचढ. तेही एका डोळ्यावर. ग्लेंडाचा डावा डोळा लहानपणापासून अधू. त्याला उजेड-अंधार आणि आकार तेवढे कळायचे. नेम धरायचा, गाडी चालवायची, सुई ओवायची, ते सगळं उजव्याच्या भरवशावर.

मग ऑर्विन तळघरात बसून तिच्यासाठी काडतुसं भरू लागला. दारू तोलायची, गोळी बसवायची, शनिवारी क्लबच्या मैदानावर नेऊन बघायची. पण यंदा उन्हाळाभर काही केल्या निशाण्याच्या कागदावरची छिद्रं एकत्र येईनात. पट्टा आवळून झाला, लाकडी दस्ता घट्ट बसवून झाला, दारू कमीजास्त करून झाली. शेवटी त्याने काडतुसाच्या बुडाची टोपी बदलली. रायफलीतली पिन जिच्यावर आदळली की ठिणगी पडते, ती इवलीशी टोपी. नवी टोपी नरम होती, जरा टोचलं की पेटायची. आणि काय सांगावं, ताटाएवढ्या जागेत पसरलेली छिद्रं कपाखाली झाकतील इतकी जवळ आली. ग्लेंडाने तो कागद फ्रिजवर चिकटवला. ऑर्विनचे तर पाय आठवडाभर जमिनीला लागत नव्हते.

आज ऑक्टोबरातली शेवटची स्पर्धा होती. क्लबच्या भिंतीवर विजेत्यांच्या नावांची फळी होती, तिच्यावर एकाही बाईचं नाव नव्हतं, आणि ग्लेंडा सगळ्यांच्या पुढे होती. राहिला होता सावकाश नेमाचा फेरा. पालथं पडायचं, एकेक काडतूस हाताने ठेवायचं आणि उडवायचं. ऑर्विन मागच्या खुर्चीवर तिचे गुण मांडत बसला होता.

थोडे बार झाले नि एक हरीण रमतगमत निशाण्यांपुढे आलं. मैदानाचा मुख्य बर्टन भोंग्यावरून थांबा म्हणाला. सगळ्यांनी रायफली रिकाम्या केल्या. ग्लेंडाचं न उडालेलं काडतूस उसळून ऑर्विनच्या बुटापाशी पडलं. त्याने ते सवयीने उचललं, बूड नाकाशी धरलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

टोपीवर खळी पडली होती.

या जातीच्या रायफलीत पिन सैल असते. काडतूस नळीत ढकलून मागचं तोंड बंद करणारा बोल्ट पुढे येऊन आदळला की तीही टोपीला टिचकी मारते. सुईच्या टोकाएवढा ठिपका उमटतो, त्याला कोणी भीत नाही. पण हा ठिपका नव्हता. काडतुसं एकत्र भरली तर पुढचं ढकलताना बोल्टचा जोर तरी मोडतो. एकटं काडतूस हाताने ठेवलं की तो मोकाट सुटतो. त्यात टोपी नरम. चाप न ओढताच बार उडायचा, आणि बोल्ट पुरता बंद व्हायच्या आत उडाला तर पितळ फाटून सगळी आग मागे यायची. तिच्या तोंडावर. हे इथल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक असतं. ऑर्विनलाही ठाऊक होतं. छिद्रं जवळ आली आणि साहेब विसरले.

हरीण गेलं. ग्लेंडा पुन्हा पालथी पडली. ऑर्विन तिच्याकडे वाकला.

"अगं, बोल्ट जरा हाताने धरून सोड."

"का?"

"असंच."

"तसं करताना अंगठा चेचला होता माझा, विसरलास? ठेव आणि हात काढ, हे तूच शिकवलंस. आता मधेच शिकवू नकोस, गप बस."

आणि हा बाबा गप बसला. काय म्हणावं याला! इथे कुणीही, अगदी नुसतं बघायला आलेलं माणूसही, थांबा म्हणू शकतं. म्हटलं की सगळी रांग थांबते, कारण नंतर विचारतात. पण वसंतात ऑर्विनने निशाण्यांजवळ माणूस दिसला म्हणून सगळ्यांना थांबवलं होतं, आणि ती निघाली होती कचऱ्याची काळी पिशवी. तेव्हापासून क्लबात त्याचं नाव थांबोबा पडलं होतं. शिवाय आता ओरडायचं म्हणजे तिचं फळीवरचं नाव गेलं, आणि गेलं ते आपल्याच काडतुसांपायी, हे चारचौघांत कबूल करायचं.

तिने काडतूस ठेवलं. हात काढला. खाट्. ऑर्विनने डोळे मिटून घेतले. मग बार झाला, तिचाच, चाप ओढून केलेला. दुसरं ठेवलं. खाट्. पेन्सिल त्याच्या बोटांतून सुटली होती. बार होण्याचं त्याला काही वाटत नव्हतं. भीती होती ती त्याआधीच्या खाट्ची. होईल नीट, एवढे झाले की, असं तो मनाला बजावत होता आणि मन ऐकत नव्हतं. तिने तिसरं उचललं. वर करून त्यावरची धूळ पुसली, उजवा डोळा अगदी जवळ नेऊन.

"थांबा!" ऑर्विन ओरडला. आवाज चिरकला. "थांबा, थांबा!"

रांग थांबली. कुणीतरी म्हणालं, उठला थांबोबा. ग्लेंडा वळली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. बर्टन आला. ऑर्विनने त्याच्या हातावर ते काडतूस ठेवलं आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बर्टनने खळीवरून नख फिरवलं. त्याने गाडीतून गोळी उपटायचा हातोडा आणला, ग्लेंडाच्या डब्यातल्या काही काडतुसांतल्या गोळ्या आणि दारू काढून टाकली. राहिलं नुसतं पितळ आणि टोपी. रायफल मातीच्या बांधाकडे रोखून, चापाला हात न लावता, त्याने एक ठेवलं आणि बोल्ट सोडला. खाट्. काही नाही. दुसरं. काही नाही. मागे खसखस पिकली. ग्लेंडाने ऑर्विनकडे असं पाहिलं की आता धरणी दुभंगावी असं त्याला झालं.

तिसरं ठेवलं. बोल्ट सुटला आणि फट्दिशी टोपी उडाली. नळीतून धुराची बारीक रेघ निघाली.

खसखस जागच्या जागी थांबली. बर्टनने रायफल हळूच खाली ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला. डबा बंद करून तो आपल्या खिशात घातला.

 ग्लेंडाने संरक्षक चष्मा काढला, उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि अधू डोळ्याने नवऱ्याकडे बघत राहिली.

"काय बघतेस?" त्याने विचारलं.

"तू दिसतोस," ती म्हणाली. "तोंड नाही दिसत."

ऑर्विनने तिचा हात डोळ्यावरून काढायला आपला हात पुढे केला. तिने तो वाटेतच धरला आणि सोडला नाही.